रानात गेलेल्या तरुणाची कैफियत

शंकाकार : एका चोवीस वर्षांच्या मुलाने पुरेसे अन्न, नकाशा किंवा परतीची कसलीही तजवीज न करता अलास्काच्या अरण्यात शिरावे, तेथे उपासमारीने प्राण सोडावा, आणि त्यानंतर तीस वर्षे देशोदेशींच्या तरुणांनी त्याला स्वातंत्र्याचा हुतात्मा ठरवून त्याच्या मृत्युस्थळाच्या यात्रा कराव्यात, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही. ख्रिस मॅककँडलेसशी माझे वैर आहे असे समजू नका. मेलेल्या मुलाशी वैर कसले? माझी हरकत आहे ती त्याच्या चाहत्यांच्या हिशेबाला. २८ एप्रिल १९९२ रोजी ज्या वीजतंत्र्याने त्याला आपल्या गाडीतून स्टॅम्पीडच्या वाटेच्या तोंडाशी नेऊन सोडले, त्याची जबानी छापून आलेली आहे. मुलाजवळ दहा पौंड तांदळाची थैली होती, हलक्या गोळीची एक रायफल होती, आणि पुस्तके होती. त्या भल्या गृहस्थाने परोपरीने त्याला परावृत्त करून पाहिले, अँकरेजला नेऊन लागेल ते सामान घेऊन देतो म्हटले, आणि काही केल्या ऐकत नाही असे पाहून अखेरीस आपले रबरी बूट व दुपारचे खाणे त्याच्या हवाली केले. शिकारीचा परवाना आहे काय, असे विचारले तेव्हा आपण पोट कसे भरतो याच्याशी सरकारला कर्तव्य नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. यात ज्याला तेज दिसत असेल त्याला ते दिसो. मला उद्दामपणा दिसतो.

प्रशंसक : तुम्ही गोष्ट शेवटच्या प्रकरणापासून वाचायला घेतलीत, म्हणून ती तुम्हांला केवळ मूर्खपणाची वाटते. १९९० च्या मे महिन्यात अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून इतिहास आणि मानववंशशास्त्र घेऊन चांगल्या गुणांनी पदवीधर झालेला, सुखवस्तू घरातला, आता कायद्याच्या शिक्षणाला लागेल अशी घरच्यांची अटकळ असलेला हा तरुण आपली सुमारे २४,००० डॉलरांची शिल्लक ऑक्सफॅम या भूकनिवारणाचे काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकतो आणि त्याचा गवगवा करीत नाही. हा काही एका रात्रीत आलेला झटका नव्हता. शाळकरी वयातच सुटीच्या दिवशी संध्याकाळी वॉशिंग्टनच्या बकाल वस्त्यांत जाऊन बेघरांना स्वतःच्या पैशाने खाऊ घालणारा, एकदा तर त्यांतल्या एकाला घरी आणून आईवडिलांच्या नकळत त्यांच्याच फिरत्या गाडीघरात आसरा देणारा हा मुलगा होता. इतर मुले ज्या वयात न्यायाविषयी निबंध लिहून बक्षिसे मिळवतात त्या वयात त्याला न्यायाची अंगावर काटा यावा अशी ओढ होती. आणि तुम्ही ज्याला दहा पौंड तांदूळ म्हणून हसता, त्यामागे अज्ञान नव्हते, अनुभव होता. कोलोरॅडो नदीतून एकट्याने होडी वल्हवीत तो मेक्सिकोच्या हद्दीत उतरला होता आणि कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या काठी पाच पौंड तांदूळ व गळाला लागतील ते मासे यांवर महिन्याहून अधिक काळ राहिला होता. पाचावर महिना निघाला तर दहावर उन्हाळा निघेल, हा त्याचा आडाखा होता.

शंकाकार : आणि नेमका हाच आडाखा त्याच्या स्वभावाची नाडी दाखवतो! उष्ण समुद्राकाठी जे जमले ते हिमप्रदेशातही जमेल असे त्याने गृहीत धरले; त्या प्रदेशाला, तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना, त्याने काही विचारलेच नाही. ९ जूनचा प्रसंग घ्या. त्या हलक्या रायफलीने त्याने एक मूस पाडले. मूस म्हणजे आपल्याकडच्या सांबराच्या दुपटीहून मोठे जनावर. पाडणे ही साधी गोष्ट नव्हे, तेवढे श्रेय मी देतो. पण मांस टिकवायचे कसे? अलास्कातले लोक ते पातळ चिरून वाऱ्यावर वाळवतात. याने दक्षिण डकोटातल्या शिकाऱ्यांनी सांगितलेली धुरी देण्याची रीत वापरली, जी त्या हवेत आणि त्या साधनांनिशी लागू पडणार नव्हती. चारपाच दिवसांत माश्या आणि अळ्या यांनी ते ढीगभर मांस ताब्यात घेतले आणि उरलेले लांडग्यांसाठी टाकून देण्याची पाळी आली. शिकार करून मांस नासवणे हा त्या प्रदेशात नुसता ढिसाळपणा मानला जात नाही. कायद्याने तो गुन्हा आहे आणि लोकरीतीने पाप आहे. तेथले वनरक्षक त्याच्यावर चिडतात ते त्याच्या धाडसाबद्दल नव्हे. त्यांच्या रानाला त्याने नेपथ्यासारखे वापरले, याबद्दल.

प्रशंसक : तुम्ही दैनंदिनीतली पुढची ओळ सोडून दिलीत. ते जनावर मारलेच नसते तर बरे झाले असते, आपल्या आयुष्यातल्या मोठ्या दुर्घटनांपैकी ही एक, असे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. ती नोंद कोणी वाचेल अशी त्याला त्या घटकेला आशाही नव्हती. ज्याच्यावर कोणाची नजर नाही, ज्याला जाब विचारणारा जवळपास नाही, असा मनुष्य जेव्हा आपल्या चुकीला चूक म्हणतो आणि तिला दुःखद म्हणण्याइतकी तिची किंमत जाणतो, तेव्हा त्याला उद्दाम म्हणण्यापूर्वी मी तरी थांबेन. त्याचे कौशल्य तोकडे होते, हे सर्वमान्य आहे. पण आपला वाद कौशल्याविषयी आहे की चारित्र्याविषयी?

शंकाकार : ही फारकत मला मंजूर नाही. नीट विचारणे, ऐकून घेणे, माहीत नाही ते माहीत नाही म्हणून कबूल करणे, हे सर्व कौशल्याच्या नव्हे, चारित्र्याच्याच सदरात येते. प्राचीन नीतिकारांनी धैर्याबरोबर विवेक मोजला तो काही पादपूरणासाठी नव्हे. आणि रानातले सोडाच, घरातले पाहू. पदवी घेऊन निघताना त्याने टपाल कचेरीला सांगून ठेवले की आईबापांची पत्रे १ ऑगस्टपर्यंत रोखून धरावीत आणि मग परत पाठवावीत, म्हणजे आपण निघून गेल्याचा त्यांना तोवर सुगावा लागू नये. आईबाप काळजीने अटलांटाला गेले तो खोली रिकामी, भाड्याने देणे आहे अशी पाटी. आणि घरी परतल्यावर त्यांचीच पत्रे गठ्ठ्याने दारात. हे एका क्षणाच्या संतापाचे कृत्य नाही. हे योजून, तारीख मुक्रर करून केलेले आहे. ज्याला रानात जाताना नकाशाची योजना सुचली नाही त्याला आईबापांना चकवण्याची योजना किती बिनचूक सुचली! आणि जिच्यावर त्याची निरतिशय माया होती असे सगळे सांगतात त्या धाकट्या बहिणीलाही दोन वर्षांत एक ओळ नाही.

(शंकाकारांचा स्वर येथे चढला होता. लिहिताना तो मी थोडा उतरवला आहे, कारण मुद्दा स्वराशिवायही पुरेसा कठोर आहे.)

प्रशंसक : घराविषयी त्या बहिणीने २०१४ साली लिहिलेले पुस्तक तुम्ही वाचले असेल. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या घरात मारहाण होती, धाक होता, आणि वडिलांच्या पहिल्या संसाराविषयी मुलांपासून लपवलेले असत्य होते. आईवडिलांना ते कथन मान्य नाही, हेही मी सांगतो. दोन्ही बाजू दप्तरात असू द्या. पण जिला ओळ आली नाही तीच बहीण त्याची वकिली करते, हे तुमच्या फिर्यादीतले मोठे भोक आहे. ज्या घरात प्रत्येक शब्दाला दुसरा अर्थ असतो त्या घरातून निघणाऱ्याला निरोपाचे पत्र लिहायला भाषाच उरत नाही. आणि घर सोडणाऱ्यांचा तिरस्कार करायचा तर आपल्याकडे प्रारंभ कोठून कराल? बोहल्यावरून पळालेल्या नारायणाला आपण समर्थ म्हणतो. त्या दिवशी मांडवात उभ्या राहिलेल्या वधूचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारले?

शंकाकार : विचारायला हवे होते, हे मला मान्य. पण दृष्टान्त अर्धवट घेऊ नका. परंपरेप्रमाणे रामदासांनी टाकळीला बारा वर्षे तप केले, देश पालथा घातला, आणि मग जांबेला येऊन आईच्या पायांवर डोके ठेवले. त्याहून बोलका दाखला विठ्ठलपंतांचा. संसार असल्याचे लपवून त्यांनी काशीला संन्यास घेतला, आणि खरे कळताच गुरूने त्यांना आळंदीला परत धाडले. म्हणजे आपल्या परंपरेनेही संन्यासाला मुक्तद्वार ठेवले नव्हते. मागे कोण आहे, त्याची संमती घेतलीस काय, हे दारातच विचारण्याचा प्रघात होता. मॅककँडलेसला तो प्रश्न विचारणारे कोणी नव्हते असे नाही. सॉल्टन सिटीजवळ भेटलेला तो वृद्ध आठवा. १९५७ साली बायको आणि एकुलता मुलगा अपघातात गमावलेला, ऐंशीच्या घरातला मनुष्य. त्याने ह्याला कातडीकाम शिकवले, ह्याच्या हातून एक सुंदर पट्टा घडवून घेतला, आणि माझा दत्तक नातू हो अशी याचना केली. हा म्हणाला, अलास्काहून आल्यावर बोलू. वर पत्र लिहून त्यालाच उपदेश केला की तुम्हीही घर सोडा, रस्त्यावर या. त्या म्हाताऱ्याने खरोखरच सामानाची विल्हेवाट लावून, गाडी घेऊन, ह्याच्या जुन्या मुक्कामी राहून वाट पाहिली. मृत्यूची वार्ता आली तेव्हा त्याने देवाचे नाव टाकले. चोवीस वर्षांच्या मुलाने ऐंशी वर्षांच्या माणसाला कसे जगावे हे शिकवावे, यातला अविचार तुम्हांला जाणवत नाही?

प्रशंसक : जाणवतो, आणि हा एक प्रसंग असा आहे की तेथे माझी बाजू लंगडी पडते. पण त्याच पट्ट्यावर त्याने काय कोरले होते तेही आठवा. रस्ता, पुरात सापडलेली गाडी, अंगठा वर करून उभा असलेला वाटसरू, आणि मागे वळण्यास मनाई असल्याची वाहतुकीची खूण. ती खूण कोरणारा मुलगा ३ जुलैला पाठीवर बोजा घेऊन मागे वळला! दोन महिने एकांतात राहून, टॉल्स्टॉय वाचून, आपला प्रयोग पुरा झाला असे ठरवून तो माणसांकडे निघाला होता. ‘डॉक्टर झिवागो’ या कादंबरीच्या आपल्या प्रतीत, सुख कोणाबरोबर वाटले तरच खरे, अशा अर्थाची ओळ त्याने समासात लिहिली. अलेक्झांडर सुपरट्रॅम्प हे दोन वर्षे मिरवलेले नाव टाकून मदतीच्या शेवटच्या चिठ्ठीवर त्याने आईबापांनी ठेवलेल्या नावाने सही केली. चारित्र्य एखाद्या ताम्रपटासारखे एकदा कोरून ठेवलेले असते असे मानलेत तर तुम्ही जिंकलात. ते घडत असते असे मानलेत तर ह्या तीन गोष्टी तुम्हांला मोजाव्या लागतील.

शंकाकार : मोजतो. पण त्याच्या मार्गात टेक्लानिका नदी होती, आणि तिचे वागणे कोणाही स्थानिकाने दोन वाक्यांत सांगितले असते. एप्रिलअखेरीस बर्फामुळे जी गुडघाभर असते तिला जुलैत हिमनदांचे वितळलेले पाणी येते. तो पाच तारखेला काठावर पोचला, तेव्हा तिला लोंढा होता. तिथून मैलभराच्या आत पाणी मोजणाऱ्या खात्याने बांधलेली तार आणि तिच्यावरून सरकणारी टोपली होती. बारकाईचा नकाशा जवळ असता तर तिच्यात बसून तो पलीकडे गेला असता. रानात पडून असलेल्या ज्या जुन्या बसमध्ये त्याचा मुक्काम होता तिच्यात तो परत गेला, आणि ऑगस्टच्या मध्याला वारला. ६ सप्टेंबरला शिकाऱ्यांना त्याचे शव मिळाले, वजन ६७ पौंड. पुढे त्याच्यावर पुस्तक लिहिणारे जॉन क्रॅकाउर यांनी रानबटाट्याच्या बियांची विषबाधा पुढे केली, ती १९९३ पासून किती वेळा बदलली! आधी दोन सारख्या दिसणाऱ्या वनस्पतींतला घोटाळा, मग बियांतले एक अल्कलॉइड, मग बुरशी, मग २०१३ साली एक अमिनो आम्ल, आणि दोन वर्षांनी दुसरे. फेअरबँक्सच्या रसायनशास्त्रज्ञाला बिया तपासून ते अल्कलॉइड सापडले नव्हते. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर आरोपी निर्दोष ठरवण्याची ही धडपड मला सहृदय वाटते, पण न्यायाची वाटत नाही.

प्रशंसक : विषाचा निकाल रसायनशाळेवर सोपवू. त्याच्याजवळ तिथल्या वनस्पतींविषयी जाणकाराने लिहिलेले पुस्तक होते, आणि बिया खाऊ नयेत असे त्यात लिहिलेले नव्हते. म्हणजे निदान एकदा तरी त्याने विचारले होते, आणि उत्तर अपुरे मिळाले. पण नदीपाशी मला थांबू द्या, कारण तुमचा सगळा खटला तिथे उलटतो. तुम्ही म्हणता ह्याला विवेक नव्हता. अविवेकी, आत्मघातकी, नाटकी मुलगा त्या काठावर काय करता? पाण्यात उडी घेता. ह्याने पाणी पाहिले, आपली ताकद पाहिली, आणि जमणार नाही असे म्हणून तो मागे फिरला, अन्न संपत आलेल्या जागी जाऊन पाणी उतरण्याची वाट पाहण्यासाठी. पुढे त्याच्या बसकडे यात्रेला गेलेल्या दोन परदेशी तरुणी, २०१० मध्ये एक आणि २०१९ मध्ये एक, त्याच नदीत बुडाल्या. जो मुलगा बेफिकीर म्हणून गाजला तो त्या पाण्यात उतरला नाही. त्याला मारले असेल तर, काही अंशी, त्याच्या सावधपणाने मारले.

शंकाकार : हे मी ह्या दृष्टीने पाहिले नव्हते, आणि ते सहजी खोडता येत नाही. तरी त्या दोघींचा उल्लेख तुम्ही त्याच्या बाजूने केलात, ते मला खटकते. त्या त्याच्यामुळेच तिथे गेल्या होत्या. ती बस एवढ्या लोकांना ओढू लागली, आणि त्यांना सोडवून आणण्याची मोहीम सरकारवर इतक्या वेळा येऊ लागली की जून २०२० मध्ये सैनिकी चिनूक हेलिकॉप्टरने तिला उचलून न्यावे लागले; आता ती फेअरबँक्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे. आपल्याकडेही पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर अडकलेल्या पोरांना दोर लावून उतरवायला जातात ती गावची आणि गिर्यारोहण मंडळांची माणसे असतात, विनावेतन, आपला कामधंदा सोडून. धाडस करणाऱ्याचे नाव होते. त्याचा खर्च कोणाच्या खाती पडतो हे कौतुकाच्या लेखांत येत नाही.

प्रशंसक : यात्रेकरूंची जबाबदारी मेलेल्यावर टाकता येत नाही. त्याने बसवर फलक लावला तो मदतीचा, या म्हणून बोलावण्याचा नव्हे. आणि क्रॅकाउर यांचेच पाहा. १९७७ साली, तेविसाव्या वर्षी, ते एकटे अलास्कातला डेव्हिल्स थंब चढायला गेले होते. तितकेच हट्टी, वडिलांशी तितकेच बिनसलेले, मृत्यूची तितकीच अर्धवट कल्पना असलेले. ते खाली उतरले, लेखक झाले, आणि आपण त्यांची पुस्तके आवडीने वाचतो. ते वर राहिले असते तर तुम्ही त्यांच्याविषयीही हेच भाषण केले असते. म्हणजे तुम्ही ज्याला चारित्र्य म्हणता ते नशिबाचे दुसरे नाव तर नव्हे?

शंकाकार : नशिबाचा वाटा मोठा आहे, पण सगळा नाही. क्रॅकाउर यांनी एका वैमानिकाशी ठरवून हिमक्षेत्रावर अन्न टाकण्याची व्यवस्था केली होती. खराब हवेमुळे विमानाला उशीर झाला, जीव टांगणीला लागला, पण ते आले. ते यायचे होते. म्हणजे क्रॅकाउर कोठे आहेत हे जगात एका माणसाला माहीत होते. दोराचे एक टोक त्यांनी दुसऱ्याच्या हाती ठेवले होते. माझ्या लेखी फरक तेवढाच आहे, आणि तो लहान नाही.

प्रशंसक : पण ज्याला दोर नसलेली जागाच पाहायची आहे त्याने काय करावे? दुसऱ्याच्या हाती टोक देऊन गेलेला मनुष्य त्या जागी पोचतच नाही. तुमची मागणी, सरळ सांगायचे तर, अशी आहे की त्याने थोडे कमी जायला हवे होते. किती कमी ते सांगा. नकाशा? मोठी रायफल? बहिणीला एक पत्र? तुम्ही नाव घ्याल त्या उणिवेवर आपली एकवाक्यता होईल, आणि माझा आदर होता तिथेच राहील.

शंकाकार : पत्र. बाकीचे मी सोडून देतो.

प्रशंसक : नकाशा सोडलात तर तो मेलाच. पत्राने त्याचा जीव कसा वाचला असता?

शंकाकार : कदाचित वाचला नसता. पण आपण चारित्र्याविषयी बोलत होतो, जीव वाचवण्याविषयी नव्हे. हे मघाशी तुम्हीच मला बजावले.

प्रशंसक : बजावले, आणि आता ते माझ्यावरच आले. मग मला एवढेच विचारायचे आहे, की ३ जुलैला जो मुलगा बोजा उचलून माणसांकडे निघाला, त्याचे ते निघणे तुम्ही मागता त्या पत्राच्या तोलाचे होते की नव्हते. होते म्हणावे तर ते कोणालाच पोचले नाही. नव्हते म्हणावे तर न पोचलेल्या प्रत्येक पत्राची किंमत शून्य धरावी लागेल, आणि तितके कठोर तुम्हीही नाही.